मेंढ्यांखालचं शेवाळ

मी भिंग बोलतंय. पितळी दांडीचं, नखाएवढं. आज शिवणाच्या डब्यात सुयांच्या संगतीत पडलंय. एके काळी माझ्यातून जे दिसलं, ते मोठमोठ्या पंडितांनीही पाहिलं नव्हतं. आणि सांगायला मला तोंड नाही, हीच माझी तडफड.

माझे धनी डॉक्टर आन्सेल्म रॉइट. जर्मनीतल्या बांबर्गजवळच्या एका खेड्याचे वैद्य. रोग्याची नाडी धरलेली असायची आणि नजर खिडकीबाहेरच्या दगडावर. दगडावरच्या शेवाळाचं त्यांना वेड होतं. ओणवे होऊन ते मला डोळ्याशी धरत, की ते हिरवं किटण माझ्यात आख्खं रान होऊन उभं राही. गाव हसायचं. पाद्रीबुवा म्हणायचे, देवानं मान वर करायला दिलीय हो डॉक्टर.

त्या काळी पंडित सांगत, शेवाळाला बी नसतं, ते ओलीतून आपोआप उपजतं. डॉक्टरांना हे काही पटेना. त्यांनी शेवाळाच्या इवल्या बोंडांतली धूळ, दुसरं काही उगवू नये म्हणून भाजलेल्या मातीवर पेरली, कुंडीवर काचेचं झाकण पालथं घातलं आणि धीर धरून बसले. आधी हिरवे धागे आले, मग पानं. पहिलं पान दिसलं तेव्हा ते इतके जवळ वाकले, की त्यांच्या श्वासानं मीच धुरकटलं.

नववर्षाला विद्यापीठातले प्राध्यापक ती कुंडी बघायला यायचे होते. त्यांनी मान डोलावली, की डॉक्टरांच्या जन्माचं सार्थक.

नाताळच्या आदल्या दिवशी डॉक्टर एका बाळंतिणीकडे गेले. घरात त्यांची बायको कुनिगुंडे येशूजन्माचा गोठा मांडत होती, लाकडी बाळ येशू आणि भोवती लाकडी मेंढ्या. गोठ्याखाली दरवर्षी रानातलं शेवाळ अंथरायचं, पण त्या साली रान बर्फाखाली गाडलेलं. तिनं विहिरीच्या कठड्यावरचं थोडं खरवडून आणलं, ते पुरेना. मग खिडकीतल्या कुंडीकडे नजर गेली, आणि तिनं काचेचं झाकण उचललं. मी शेजारीच होतं. ओरडावंसं वाटलं, पण काचेला कसला आवाज!

डॉक्टर परतले. आधी रिकामी कुंडी दिसली, मग शेवाळावर उभ्या मेंढ्या.

"अगं, हे काय केलंस?"

"बाळ येशूला उघड्या फळीवर निजवू? आणि तुम्हाला शेवाळाचा काय तोटा हो?"

त्यांनी मेंढ्या बाजूला करून शेवाळ चाचपलं. कुंडीतलं कुठलं, कठड्यावरचं कुठलं, आता कसं ओळखणार? ते धुळीतून उगवलंय हे कोण मानणार होतं? प्राध्यापक आले, मेंढ्या छान आहेत म्हणाले, भाजलेलं बदक चापून निघून गेले. असा संताप आला मला!

डॉक्टर पुन्हा पेरणार होते. पण त्या वसंतात रोग्यांचा ताप त्यांनाच चिकटला, आणि ते गेले.

गोठा उचलला तेव्हा कुनिगुंडेनं ते शेवाळ परसात फेकलं होतं. ते मागच्या भिंतीला धरलं, पसरलं. आता तिची नात दर नाताळला तिथूनच सुरीनं खरवडून आणते. माझ्यातून सुईत दोरा ओवते आणि हातभर अंतरावर मेंढ्या मांडते. त्यांच्या पायांशी बोंडं टरारून उभी असतात.

अगं पोरी, ती सुई ठेव खाली. एक मेंढी जरा बाजूला सरकव, आणि मला एकदाच त्या बोंडांवर धर.