खाली बसायचं बटण

मित्रांनो, मला आजवर अकरा वेळा भिंतीवर आपटलंय, दोनदा दातांनी चावलंय आणि एकदा तर माझ्याच वायरीने दोन पोरांनी एकमेकांचे गळे आवळले होते. तरी मी जिवंत आहे. मी गेम खेळायचा एक जुना रिमोट आहे. खोक्यावर माझं नाव ‘कंट्रोलर’ असं छापलं होतं, पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पुढे, जंगलाला टेकलेल्या आमच्या गावात त्या नावाने मला कोणी कधी हाक मारली नाही. टीव्हीचा तो रिमोट, मग गेमचा तोही रिमोट. विषय संपला.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जन्मल्या दिवशीच एका लोखंडी बोटाने माझं प्रत्येक बटण हजार वेळा दाबून पाहिलं. चौकोन, त्रिकोण, फुली, गोल. मला वाटलं, यापेक्षा जास्त मार जगात नसेल. मला रफीकभाऊंच्या दुकानातली पोरं माहीत नव्हती ना.

रफीकभाऊ आमच्या बसथांब्यावर मोबाईल दुरुस्त करतात. चंद्रपूरच्या गोल बाजारातून त्यांनी मला, माझ्या जोडीदार रिमोटला आणि गेमच्या पेटीला एस.टी.त मांडीवर घेऊन आणलं. दुकानाच्या मागच्या भागात एक पडदा टांगला, आत टीव्ही आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या पडद्याआड मारामारी सुरू झाली, ती काही वर्षं थांबलीच नाही.

काय काय केलं मी तिथे. शेकडो बरगड्या मोडल्या. गाड्या दरीत ढकलल्या. पूल उडवले. माझ्या एका बोटभर बटणातून एवढ्या गोळ्या सुटल्या की मोजायला बसलो तर शाळेचं एक वर्ष जाईल. पोरांचे हात घामाने ओले आणि शेवचिवड्याने तेलकट. जिंकणारा मला हवेत उडवायचा, हरणारा मला भिंतीवर हाणायचा. दोन्हीत पडायचो मीच.

मग एके दिवशी पडदा बाजूला झाला आणि एक मुलगी आत आली. नववीतली रोशनी. पाठीला दप्तर, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. मागे तिची धाकटी बहीण संघप्रिया, पाचवीतली. घरी तिला पिऊ म्हणतात.

“मले बी खेळाचं आहे,” रोशनी म्हणाली.

रफीकभाऊंचा पुतण्या दानिश खुर्चीवर बसला होता. “इथी भातुकली नाई चालत वो,” तो म्हणाला. सगळे हसले.

रोशनीने मला उचललं. मी लगेच ओळखलं, हे बोट वेगळं आहे. घाई नाही, भीती नाही. दहा मिनिटांत दानिशच्या पैलवानाचे दात जमिनीवर होते. मग तिने मला हळूच खाली ठेवलं आणि म्हणाली, “तुहा पैलवान उजव्या बाजूनं आंधळा आहे. मी तिकूनच मारून राह्यली होती. ज्यानं गेम बनवला त्यानं त्याले अर्धीच नजर देली.”

रफीकभाऊ पडद्याबाहेरून म्हणाले, “अरे, बराबर बोलून राह्यली ही. मैने भी देखा था.”

त्या दिवसापासून रोशनी आमच्या दुकानाची न्यायाधीश झाली. रफीकभाऊंनी टीव्हीशेजारी एक प्लायवूडचा तुकडा ठोकला, काळा रंगवला आणि तिच्या हातात खडू दिला. तिने गेम खेळायचा आणि आपलं मत तिथे लिहायचं. पोरं ते वाचून गेम निवडत. गेमना आम्ही आमचीच नावं दिली होती. तिची काही मतं मला अजून पाठ आहेत.

गाडीवाला गेम: ‘गाडी झाडाले धडकते अन् झाडाचं पान बी हालत नाई. आमच्या सागवानाले धडकून पाहा, मग समजन.’

मारामारीवाला: ‘यातली बाई हाणते भारी. पण उंच टाचा घालून लढाले तिले कोनं सांगतलं?’

मुडद्यांचा: ‘मेलेल्याले पुन्हा मारा, तो पुन्हा उठते. असंच काम पाहिजे असन तं घरी या, भांडे घासाले.’

फौजीवाला: ‘पाचशे मानसं मारली. सगळे एकाच आवाजात मेले. गडचिरोलीचे माहे मामा बंदुकीचा आवाज आयकला का जेवन सोडून उठते. या गेमवाल्यानं मामाले विचाराले पाहिजे होतं.’

“अवो, असं लिहिशील तं माहं दुकान बंद पाडशील,” रफीकभाऊ म्हणाले.

“खोटं लिवू काय मंग?”

“नको. लिख. सच्चाच लिख,” ते म्हणाले आणि स्क्रू शोधायला लागले.

खरं म्हणजे दुकान बंद पडलं नाही. शेजारच्या गावची पोरंही सायकल मारत येऊ लागली, निम्मी खेळायला आणि निम्मी फळा वाचायला. मला केवढा अभिमान वाटायचा. कारण तिची सगळी मतं माझ्यातूनच जायची.

मग आला शिकारीवाला. त्यात घनदाट जंगल, हातात भाला आणि समोर वाघ. वाघ यायच्या आधी मोठ्ठी डरकाळी फोडायचा. ती ऐकली की माझं गोल बटण दाबायचं. आपला शिकारी गवतात खाली बसायचा आणि वाघाला दिसेनासा व्हायचा. वाघ जवळून जाऊ लागला की भाला त्याच्या मानेत. रक्ताचा फवारा उडायचा, टीव्हीची काच लाल व्हायची आणि पोरं खुर्च्या बडवायची.

या गेममध्ये पिऊलाही काम होतं. पूर्ण रिमोट तिच्या हातात मावत नसे, म्हणून रोशनीने तिला फक्त गोल बटण दिलं होतं. रोशनी मला धरून खुर्चीवर, पिऊ बाजूला उभी, एक बोट माझ्यावर.

“आला. दाब, पिऊ.”

पिऊ दाबायची. आणि दाबता दाबता स्वतःही मटकन खाली बसायची. हसू नका. गाडी वळवताना तुम्हीही खुर्चीत कलता की नाही? तसंच. त्या उन्हाळ्यापर्यंत दोघींनी मिळून चाळीस वाघ मारले. रोशनीने फळ्यावर लिहिलं: ‘हा सगळ्यात खरा गेम. जंगल कसं असते ते यात समजते. वाघ आला तं चूप बसा. त्याले दिसत नाई. दहापैकी दहा.’

पिऊने ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

आता मोहाचे दिवस आले. आमच्याकडे पहाटे मोहफुलं गळतात आणि उजाडता उजाडता बाया-पोरी वेचायला जातात. तिथे एक रीत आहे. वेचणाऱ्या सगळ्या वाकलेल्या असल्या, तरी एकीने उभंच राहायचं. काठी आपटायची, बोलत राहायचं, चारी बाजूंना बघायचं. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, चार पायांचं जनावर वाटतं. दोन पायांवर ताठ उभ्या माणसाला तो टाळतो. ही गोष्ट तिथल्या म्हाताऱ्या बायांना माहीत आहे; पोरी नुसती रीत पाळतात. गेम बनवणाऱ्याला नव्हती. आणि मला कुठून असणार?

चाळीस वाघांपायी माझं गोल बटण चिकटायला लागलं होतं. रोशनीने मला साफ करायला घरी नेलं होतं आणि शाळेत जाताना दुकानात द्यायचं म्हणून झोळीत टाकलं होतं. म्हणून त्या सकाळी मी जंगलात होतो. रोशनी, पिऊ, त्यांची आई अंजनाबाई आणि शेजारच्या मंगलीकाकू. उभं राहायची पाळी रोशनीची होती.

“काठी आपटत राय. तोंड बंद नको ठेवू,” अंजनाबाई म्हणाल्या.

“तोंड बंद ठेवनं मले येते कुठी?”

“हे मात्र खरं बोल्ली,” मंगलीकाकू वाकल्या वाकल्या हसल्या.

मग रोशनी बोलत सुटली. कोणता गेम कसा भिकार, कोणत्यात पैलवान कसा आंधळा. अर्धं जंगल तिची मतं ऐकत असेल. टोपल्या निम्म्या भरल्या. पिऊ वीसेक पावलांवर, दुसऱ्या मोहाखाली वेचत होती.

इतक्यात नाल्याकडून चितळ ओरडलं, वाघ दिसला की हरणं ओरडतात तसं. एकदा, मग लागोपाठ.

अंजनाबाई आणि मंगलीकाकू झटकन ताठ झाल्या आणि एकमेकींना चिकटल्या. “पिऊ, इकडे ये. चालत ये,” आईने हाक मारली.

पिऊ आली नाही. ती खाली बसली. गुडघे पोटाशी घेतले, मान खाली घातली आणि रोशनीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. चूप.

रोशनीचा हात झोळीवरून माझ्यावर आला. “उभी राय, पिऊ. उभी राय.”

पिऊने मान हलवली. ताईला विसर पडला असेल, असं तिला वाटलं असणार.

डरकाळी आलीच नाही, मित्रांनो. मी वाट पाहत होतो. आमच्या गेममध्ये ती प्रत्येक वेळी यायची. इथे फक्त वाळलेला पाला एकदा चुरचुरला आणि पळसामागून पिवळंकाळं काहीतरी निघून पिऊवर पडलं. तिचा डावा खांदा त्याच्या जबड्यात गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी हाडं मोडण्यात मुरलेला रिमोट, पण तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. वाघ तिला ओढायला लागला आणि तिची टाच मोहफुलांतून रेघ काढत गेली.

अंजनाबाई धावल्या. पळाल्या नाहीत, धावल्या, त्याच्या अंगावर. काठीचा पहिला घाव पाठीवर, दुसरा कानावर. काठी मोडली. उरलेला तुकडा त्यांनी त्याच्या डोळ्याशी खुपसला. वाघाने पंजा मारला, त्यांचा दंड कोपरापर्यंत फाटला, तरी त्या मारतच होत्या. मंगलीकाकू टोपली त्याच्या तोंडावर हाणत होत्या. आणि रोशनीने मला झोळीतून ओढून काढलं, वायर मनगटाला गुंडाळली आणि गोफणीसारखं गरगरा फिरवून त्याच्या नाकावर घातलं. एकदा. दोनदा. माझं कवच तडकलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या दातावर आपटलो आणि त्याच्या श्वासाची वाफ माझ्या बटणांवरून गेली.

त्याने पिऊला सोडलं. दोन पावलं मागे गेला, तिघींकडे पाहिलं. तिघी ताठ उभ्या होत्या, घसा फोडून ओरडत होत्या. मग तो वळला आणि गेला.

वनखात्याच्या गाडीतून पिऊला आधी मूलला आणि तिथून चंद्रपूरला नेलं. माझी वायर रोशनीच्या मनगटात एवढी रुतली होती की ती दवाखान्यातल्या सिस्टरला सोडवावी लागली. दोन दिवस कोणी काहीच सांगेना. अंजनाबाईंच्या हाताला टाके पडले होते. त्या बाकावर बसून दाराकडे बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी पिऊने डोळे उघडले. पाणी मागितलं. मग बहिणीला म्हणाली, “ताई, मी तं बरोबर बसली होती. मंग त्याले दिसली कशी?”

अंजनाबाईंनी रोशनीकडे पाहिलं. पिऊ खाली का बसली, ते त्यांना त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

“तू बरोबर बसली होती,” रोशनी म्हणाली. “मी चुकीचं लिवलं होतं. मी वाघ कुठी पाह्यला होता वो? मी गेम पाह्यला होता.”

“पन तू दहापैकी दहा देले होते.”

“हो.”

पिऊने छताकडे पाहिलं. “दुखते,” ती म्हणाली. रोशनीने तिचा उजवा हात धरला, आणि मग रोशनी रडली.

पिऊ वाचली. डावा हात कापावा लागला नाही, पण त्याची बोटं मिटत नाहीत.

रोशनी दुकानात आली तेव्हा पोरांनी गेम थांबवला. रफीकभाऊंनी ओला फडका हातात घेतला. “मी पुसून टाकतो. कोनी विचारनार नाई तुले.”

“पुसू नका, भाऊ.” तिने खडू घेतला. जुन्या ओळीखाली, सगळ्यांसमोर, सावकाश लिहिलं: ‘वरचं मी लिवलं होतं. ते खोटं आहे. खरा वाघ आवाज करत नाई. बसलं तं तो खाते. माह्या बहिणीनं माहं आयकलं. गेममदे मजा आहे, जंगल नाई. रोशनी, नववी ब.’

दानिशने ते वाचलं. त्याने खुर्ची रिकामी करून तिच्याकडे सरकवली. पण ती बसली नाही. आईला जेवण द्यायचं होतं.

आता त्याला दोन वर्षं झाली. पोरांच्या हातात मोबाईल आले, आमचा पडदा बहुतेक दिवस बंदच असतो. माझ्या तडकलेल्या कवचावर रफीकभाऊंनी चिकटपट्टी लावली आहे आणि मी खणात सोल्डरच्या तारेशेजारी पडून असतो. तरी मधूनच पिऊ येते. मला मांडीवर ठेवून एका हाताने गाडीवाला खेळते आणि दर वेळी दरीत पडते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्याशी खेळा, माझ्याशी भांडा, हरलात तर एखादवेळ आपटाही, मी सोसेन. गेम भिकार असेल तर भिकार म्हणा. पण खेळ संपला की माझी बटणं माझ्याजवळच ठेवून उठा. आणि तुमच्या मतावर कोणी विश्वास ठेवत असेल, विशेषतः तुमच्याहून लहान कोणी, तर सांगण्याआधी स्वतःला विचारा की हे मी पाहिलंय, की नुसतं खेळलोय. चुकलात तर ज्या जागी चूक लिहिली, त्याच जागी दुरुस्ती लिहा. आणि चितळ ओरडलं तर बसू नका, पळू नका. एकमेकांजवळ या आणि ताठ उभे राहा.