एक आड एक रविवार

मिस्तरी बोटींच्या यार्डात लागला तो इंजिनं खोलण्यासाठी. पण मालकीणबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले, तसं गिऱ्हाइकांना बोटी दाखवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. विक्रीच्या कामाला हा माणूस अगदी नालायक आहे, असं मालकीणबाई चारचौघांत सांगायच्या. कारण गिऱ्हाईक एखाद्या महागड्या बोटीवर भाळलं, की हा पठ्ठ्या त्याच बोटीतली खोट दाखवून मोकळा व्हायचा. तरी यार्ड बरं चाललं होतं. एकदा त्याच्याकडून बोट घेतलेला माणूस पुढच्या वर्षी मेव्हण्याला घेऊन यायचा.

बुधवारी भिंगरीचा फोन आला. भिंगरी म्हणजे त्याची मुलगी. चालायला लागल्यापासून एका जागी कधी ठरली नाही, म्हणून त्यानेच ते नाव ठेवलं होतं. आता ती तेरा वर्षांची होती. तिचे आईबाप सहा वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या आईने दातांच्या एका डॉक्टरांशी लग्न केलं. कोर्टाने मिस्तरीला एक आड एक रविवार दिला होता. ते रविवार बापलेक त्याच्या चौदा फुटी जुन्या बोटीत, तलावाच्या मधोमध गळ टाकून घालवायचे. मासे लागायचे थोडे आणि गप्पाच जास्त.

"बाबा, काकांना बोट घ्यायचीय," ती फोनवर म्हणाली. "मी सांगितलं, माझ्या बाबाकडूनच घ्यायची. तो फसवत नाही."

"या की," मिस्तरी म्हणाला. मग पुढचा अर्धा तास तो एकच नट आवळत आणि सैल करत बसला.

शनिवारी सकाळी चौघं आली. डॉक्टर, त्यांची आई, भिंगरी आणि भिंगरीची आई. डॉक्टर उंच, पाठीत किंचित वाकलेले. जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेलेला. माणूस सज्जन होता. तो सज्जन आहे याचाच मिस्तरीला त्रास व्हायचा. दोन शिव्या हासडाव्यात असं काही त्या माणसाने कधी केलंच नव्हतं.

"तुम्हीच सांगा, कुठली चांगली," भिंगरीची आई म्हणाली.

नऊ वर्षांच्या संसारात ती त्याला 'तू' म्हणत आली होती. भांडतानाही तूच. आज सासूसमोर 'तुम्ही' झालं. आदर वाढला की माणूस लांब गेलेला असतो, हे मिस्तरीला त्या दिवशी कळलं.

एका बोटीकडून चौघांना चार गोष्टी हव्या होत्या. डॉक्टरांना मासेमारीचा नवा नाद लागला होता. गळ टाकायला पुढे सपाट जागा हवी आणि पकडलेले मासे जिवंत ठेवायला टाकी हवी. भिंगरीला वेकबोर्ड हवा होता, म्हणजे पायांना रुंद फळी बांधायची, दोर धरायचा आणि बोटीमागे पाण्यावरून घसरत जायचं. तिच्या आईला पाण्याची धास्ती, म्हणून कठडा उंच हवा. आणि आजींना सावली हवी होती, शिवाय बोटीत संडास कुठे असतो हेही त्यांनी आल्या आल्या विचारून घेतलं. छोट्या बोटीत नसतो म्हटल्यावर, मग आपण काठावरच बऱ्या, असं त्या म्हणाल्या. मात्र थोड्याच वेळात सगळ्यांच्या आधी एका छोट्या बोटीत चढून बसल्या.

डॉक्टरांचा जीव आधी एका लालभडक, लांबलचक बोटीवर जडला. खेळासाठीच बनवलेली होती ती. मिस्तरीने सवयीप्रमाणे खोट दाखवली. "ही मागे एवढी मोठी लाट काढते, की तलावातले मासे गाव सोडून जातील. घेतलीत तर मासे बाजारातूनच आणावे लागतील."

दुसऱ्या रांगेत एक करड्या रंगाची बोट होती. मासेमारीला एक नंबर. बसकी, शांत, कठडा उंच, इंजिन लहान. भिंगरीच्या आईने तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ही सुरक्षित वाटते. डॉक्टरांनीही मान डोलावली. दोन वाक्यांचं काम होतं. मिस्तरीने फक्त "घ्या, पस्तावणार नाही" म्हटलं असतं, तरी सौदा झाला असता. आणि ते खोटंही ठरलं नसतं. फक्त ती बोट कुणाला ओढू शकली नसती. डॉक्टर आपले एकटे गळ टाकत बसले असते, आणि भिंगरीला घरच्या बोटीतही तेच मिळालं असतं जे बापाच्या बोटीत मिळत होतं. मग ती बापाच्या बोटीत येत राहिली असती.

शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात त्याचं लक्ष भिंगरीकडे गेलं. तिने कुणी न सांगता लाइफ जॅकेट अंगात घातलं होतं आणि सगळे पट्टे गळ्यापर्यंत आवळून ती उभी होती. काही मागत नव्हती. नुसती उभी होती.

दोन वर्षांपूर्वी तिने त्याच्याच छोट्या बोटीला दोर बांधून पाहिला होता. पंधरा घोड्यांचं म्हातारं इंजिन ते. भिजल्या गादीसारखं तिला ओढत राहिलं. अर्धा तलाव तिच्या पोटात गेला. दोघं पोट दुखेपर्यंत हसली होती. "पुढच्या वर्षी मोठं इंजिन बसवू हं, बाबा," ती म्हणाली होती. पुढच्या वर्षी त्याने एक जुनं मोठं इंजिन शोधलंही, पण बोटीची मागची फळी त्याचा भार पेलेना. नाकापेक्षा मोती जड. ते इंजिन त्याने परत केलं. तिने नंतर कधी विचारलं नाही. न विचारणं ती कुठून शिकली, हा प्रश्न मात्र त्याला अधूनमधून पडायचा.

"ही नको," मिस्तरी म्हणाला. "इकडे या."

तिसरी बोट साडेअठरा फुटांची होती. पुढे गळ टाकायला सपाट जागा, खाली माशांची टाकी, मधे छत, आणि मागे दोर बांधायला काढता-घालता येणारा खांब. इंजिन दमदार, पण उर्मट नव्हतं. त्याने तिच्यातही खोट शोधायचा मनापासून प्रयत्न केला. टाकीचं झाकण थोडं करकरत होतं. तेवढंच.

पाण्यात नेऊन बघू, असं ठरलं. आजी आणि भिंगरीची आई यांना एक फेरी मारून त्याने धक्क्यावर उतरवलं. उतरताना आजींनी त्याचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "पोर तुमच्यासारखीच उभी राहते हो. एका पायावर भार टाकून."

मग भिंगरी फळी बांधून पाण्यात उतरली. नियम असा, की चालवणाऱ्याने समोर बघायचं आणि दुसऱ्या कुणीतरी मागे बघत बसायचं. चालवता एकट्या मिस्तरीला येत होतं. डॉक्टर मागे तोंड करून बसले.

पहिल्यांदा ती तोंडावर पडली. दुसऱ्यांदा दोर हातातून सुटला. मिस्तरीने बोट वळवून तिच्याजवळ नेली आणि सांगितलं, गुडघे छातीशी घे, घाई करू नकोस, बोट तुला उठवेल. आणि पायांकडे बघू नकोस, लांब बघ.

तिसऱ्यांदा डॉक्टर ओरडले, "उभी राहिली!"

काचेवर हाताच्या तळव्याएवढा आरसा होता. त्यात मिस्तरीला एक थरथरता ठिपका दिसला. त्याच्या पोरीला पहिल्यांदा पाण्यावर उभं करणारं इंजिन त्याच्या हातात होतं आणि तोंड दुसऱ्या दिशेला. मागे वळावंसं इतकं वाटलं, की मान दुखली. पण समोर पाणी होतं, दुसऱ्या बोटी होत्या. तो समोर बघत राहिला.

परत आल्यावर त्याने डॉक्टरांना सुकाणूवर बसवलं. शिकावं तर लागणारच, असं म्हणाला. दाढेच्या मुळाशी जाताना हात जसा हलका ठेवता, तसाच ठेवा. डॉक्टरांचा हात खरोखर हलका होता. चार वळणांत ते शिकले. मग मिस्तरी मागे तोंड करून बसला आणि भिंगरी पुन्हा उठली.

आता ती त्याला पुरी दिसत होती. ओले केस, घट्ट आवळलेला जबडा, मग हळूहळू तोंडभर पसरलेलं हसू. लहानपणी काहीही नवं करताना ती आधी बापाकडे बघायची. पाय पाण्यात घालताना, पहिला मासा गळातून सोडवताना. सवयीने मिस्तरीचा हात वर गेला. ती बघत नव्हती. तिची नजर त्याच्या डोक्यावरून पार पलीकडच्या काठावर होती. लांब बघ, असं त्यानेच तर सांगितलं होतं. हात वर आहे हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. मग त्या हाताने त्याने कान खाजवला.

बोट पक्की झाली. डॉक्टर कागद करायला मालकीणबाईंकडे गेले, आजी सावली बघून बसल्या. भिंगरीची आई धक्क्यावर मिस्तरीपाशी थांबली.

"ती करडी बोट तू विकली असतीस तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. सासू लांब होती, तेव्हा 'तू' परत आलं होतं. "तुला कळत होतं ना, ही घेतली की काय होईल ते?"

"बोट चांगली आहे," मिस्तरी म्हणाला.

 तिने नुसती मान हलवली आणि ती सासूकडे गेली.

तो शेडमध्ये हात पुसत होता, तेव्हा भिंगरी आत आली. केसांतून पाणी ठिबकत होतं. तिने बाकावरचे नट आवळायचे पाने उचलले आणि मापाप्रमाणे लावायला लागली, लहान, त्याहून मोठा, त्याहून मोठा. हे ती तिसऱ्या वर्षापासून करत आली होती. आज दोनदा चुकली. ती काहीतरी सांगायला आली होती, हे समजायला बापाला दुर्बीण लागत नाही.

"बाबा, ते रविवारचं..."

"बरी आठवण केलीस," मिस्तरी घाईने म्हणाला. "मीच सांगणार होतो. मालकीणबाईंनी मला आता रविवारी यार्डात यायला सांगितलंय. हंगाम आहे ना. आपलं काही दिवस जमायचं नाही."

"सगळे रविवार?"

"जवळजवळ."

आता ती चिडेल, असं त्याला वाटलं होतं. असं कसं, रविवार आपला आहे, मी बोलते मालकीणबाईंशी, असं काहीतरी म्हणेल. त्यावर काय समजूत घालायची, हेही त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. पण भिंगरीने कोंडलेला श्वास सोडला. सकाळपासून ताठलेले तिचे खांदे खाली आले. तिच्या नकळत आले ते, आणि त्याने पाहिले.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. लगेच सावरून म्हणाली, "म्हणजे ठीक नाहीये. पण काम असलं तर तू तरी काय करणार?"

"काय करणार," तो म्हणाला.

तिने त्याला कडकडून मिठी मारली. त्याचा सदरा छातीवर ओला झाला. बाहेरून डॉक्टरांनी हाक मारली तशी ती पळाली. जाताना हातातला पाना बाकावर टाकून गेली, तो चुकीच्या जागी पडला. मिस्तरीने जुळवून ठेवलेली समजूत तशीच राहिली, कुणालाच लागली नाही.

ती माणसं गेल्यावर तो मालकीणबाईंच्या खोलीत गेला आणि म्हणाला, उद्यापासून मला रविवारची पाळी लावा.

मालकीणबाई चष्म्यावरून बघायला लागल्या. "सहा वर्षं तुझ्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं मी. दुप्पट पगार देते म्हटलं तरी आला नाहीस."

"आता येतो."

त्या बाईची जीभ म्हणजे पट्टा. पण आज त्यांनी भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता काढला, कुणाचं तरी नाव खोडलं आणि त्याचं लिहिलं. मग स्वतःसाठी आणलेला चहा त्याच्यापुढे सरकवला आणि गुडघ्यांबद्दल बोलत बसल्या.

तिसऱ्या रविवारी दुपारी मिस्तरी एका नवरा-बायकोला बोटी दाखवत होता, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. तलावाच्या मधोमध होते. इंजिन चालूच होत नव्हतं. आवाज घाबरलेला. मागे आजी विचारत होत्या, की आता इथेच मुक्काम का.

"सुकाणूखाली लाल दोरीची चिमटी आहे बघा," मिस्तरी म्हणाला. "ती निघालीय. खाचेत बसवा."

खटका वाजला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. डॉक्टरांनी चार वेळा आभार मानले आणि फोन ठेवला. म्हणजे कुठेतरी बाजूला ठेवला. बंद करायचा राहिला.

मिस्तरीने तो कानापासून काढला नाही. इंजिनाची घरघर ऐकू येत होती. बोटीच्या पोटावर पाणी थपथप आपटत होतं. भिंगरीची आई "सावकाश हं" म्हणाली. मग खूप लांबून, पाण्यातून, पोरीचा आवाज आला, "थांबा काका, अजून नाही... हां, आता!" इंजिनाचा सूर चढला, जड झाला, आणि मग एकदम मोकळा झाला. सूर तसा मोकळा झाला म्हणजे माणूस पाण्यावर उठलं, हे मिस्तरीला बघावं लागत नव्हतं.

गिऱ्हाइकाने काहीतरी विचारलं. मिस्तरीने हाताने खूण केली, एक मिनिट. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ नुसता वारा आणि इंजिन. एकदा कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही. मग फोन आपोआप तुटला.

तो वळला तेव्हा ते नवरा-बायको कंटाळून निघून गेले होते. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. पुढच्या गिऱ्हाइकाला मीच बोटी दाखवते म्हणाल्या आणि कुरकुरते गुडघे सांभाळत रांगेकडे निघाल्या.