दाराचा टब

गंगापूर रोडवरच्या टबच्या शोरूममध्ये शिरल्या शिरल्या राखीने आधी बसायला काही आहे का ते पाहिलं. खुर्ची एकच होती, ती तिने सासूबाईंना, नवसाबाईंना दिली. सकाळी पाचपासून ती उभीच होती. खरं सांगायचं तर गेली चार वर्षं उभीच होती. नवसाबाईंचे दोन्ही गुडघे संधिवाताने आखडले तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं राखीकडेच. आता डॉक्टरांनी रोज दोन वेळा गरम पाण्यात बसून पाय हलवायला सांगितलं होतं. तिच्या नवऱ्याने, संतोषने, ते फारच मनावर घेतलं. द्राक्षांची खोकी पुरवण्याच्या त्याच्या धंद्यात यंदाचं वर्ष बरं गेलं होतं आणि आईसाठी काहीतरी मोठं करायची हौस त्याला आली होती.

शोरूममधल्या विक्रेत्या पूजाने तिघांना दोन टब दाखवले. एक पाच माणसांचा, अंगणात ठेवायचा. कमरेइतक्या उंच भिंती, पाठीवर आणि पोटऱ्यांवर पाण्याचे झोत, वर निळे दिवे. दुसरा एकाच माणसाचा, बाथरूममध्ये मावणारा, दिसायला निव्वळ डबा. पण त्याला बाजूने दार होतं. आत पाऊल टाकायचं, खुर्चीवर बसावं तसं बसायचं, दार लावायचं आणि मग पाणी सोडायचं.

"आजींना उचलावं लागणार नाही," पूजा म्हणाली. "फक्त पाणी भरेपर्यंत आणि उतरेपर्यंत आत बसून राहायचं."

राखीने ते दार तीनदा उघडून, लावून पाहिलं. इतक्या वर्षांत कुठल्या वस्तूवर तिचा असा जीव जडला नव्हता.

"अहो, हाच घेऊ या ना."

"हा? दवाखान्यातून आणल्यासारखा दिसतोय," संतोष हसला. "आणि दार कशाला हवंय? तू आहेस की घरात."

हे तो प्रेमाने बोलला, हीच तर अडचण होती. भांडता तरी कसं येणार?

मोठा टब पाणी भरून तयारच होता. बसून बघा, पूजा म्हणाली. पोहण्याचे कपडेही तिथे होते, पण ते बघून नवसाबाईंनी नाक मुरडलं. "म्या नाय घालायची असली चड्डी. लुगडं भिजलं तर भिजू दे." राखी आणि संतोषने दोन बाजूंनी धरून त्यांना पायऱ्यांवरून आत उतरवलं. झोत सुरू झाले तसं लुगडं फुगून वर आलं. दोन्ही हातांनी ते खाली दाबता दाबता नवसाबाईंचा चेहरा हळूहळू सैलावला. "राखी, लय बरं वाटतंय गं." राखीलाही बरं वाटलं. ते काही खोटं नव्हतं.

तेवढ्यात संतोषचा फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला. नवसाबाईंना आता बाहेर यायचं होतं. नऊवारी लुगडं पाणी पिऊन बसलेलं, त्यात गुडघ्यांत जोर नाही. राखीने सासूच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढलं आणि तिच्या कमरेतून कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत गेली. पूजा धावत आली. दोघींनी मिळून म्हातारीला कसंबसं बाहेर काढलं. राखी मात्र तिथेच फरशीवर बसली, तिला उठवेना.

"लागलं का गं?" नवसाबाईंनी कुडकुडत विचारलं.

"नाही, आई," राखी म्हणाली. सवयच ती.

संतोष आत आला. "मग, हाच पक्का! टबात आईचा चेहरा पाहिलास का कसा खुलला होता?"

बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचं त्याला सुचलंच नाही. पूजाने फॉर्म आणला तोही त्याने नेहमीसारखा राखीच्या हातात दिला. घरातले सगळे फॉर्म तीच भरायची. रुग्णाचं नाव, वय, आजार, पत्ता. शेवटी एक रकाना होता: टबात चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या व्यक्तीचं नाव. राखीने त्यात नाव लिहिलं आणि फॉर्म परत दिला.

पूजाने वाचून खात्री करून घेतली. "मदतनीस, संतोष. सर, शनिवारी तुम्हाला उचलायची पद्धत शिकवायला आमचा माणूस येईल. मग रोज सकाळ-संध्याकाळ तुम्हीच ना?"

"मी? राखी, हे काय लिहिलंस?"

"माझ्याच्याने आता होणार नाही," राखी खाली बसूनच म्हणाली. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. "टब तुम्ही निवडलात. आईंना तुम्हीच उचला."

संतोषने आईकडे पाहिलं, तिच्या निथळत्या लुगड्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं. मग तो पूजाकडे वळला.

"मॅडम, तो दाराचा टब... किती दिवसांत मिळेल?"

राखीला हवं ते मिळालं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. चार वर्षं उचलणारी ती होती, तोवर कुणाला दाराची गरज वाटली नाही. त्याचं नाव लिहिल्यावर अर्ध्या मिनिटात वाटली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आता काय झालं?" संतोष म्हणाला. "तुला हवा तोच घेतला ना?"