शेजारच्या गॅलरीतली लिली

नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. ऑपरेटरबाईंनी कुंडीत मनगटापर्यंत हात खुपसला, आणि लिलीच्या कंदाऐवजी बोटांना लागला कुजक्या कांद्यासारखा गिळगिळीत लगदा. वासानं त्यांनी तोंडच फिरवलं.

चूक त्यांचीच. कंद झोपलेला असतो तेव्हा माती जवळजवळ कोरडीच ठेवायची, लेकानं जाताना बजावलं होतं. पण घरात विचारपूस करायला दुसरं होतं कोण? म्हणून रोज सकाळी स्वतःच्या चहाबरोबर कंदालाही पेलाभर पाणी, वर गप्पा. लाडानं मारला म्हण ना.

तेवढ्यात फोन वाजला. लेकाचा.

बाईंचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेला, आणि घरचा फोन मात्र मुका. वाजला तरी "जेवलीस?" "जेवले," की संपलं. मग नोकरीच्या गावी जाताना लेकानं लिलीच्या दोन कंदांचं एक पाकीट आणलं, एक आईला दिला, दुसरा पाकिटासकट शेजारच्या शिवणवाल्या काकूंना, आणि तेव्हापासून दर रविवारी फोन. लिलीचं विचारायला म्हणून करायचा आणि बोलतच बसायचा.

"काय म्हणते गं लिली?"

बाईंनी चिखलाचा हात तसाच हवेत धरला.

"कोंब आलाय."

अगदीच खोटं नव्हतं. आला होता, काकूंच्या कुंडीत. मग काय, शनिवारी कठड्यावरून वाकून शेजारी बघायचं आणि रविवारी सांगायचं. वीतभर झाली. काठी लावली. कळ्या धरल्या.

"एवढं वाकू नका, खाली पडाल," काकू मशीन चालवता चालवता म्हणायच्या. "तुमची कुठंय?"

"आत ठेवलीय. ऊन सोसत नाही."

"लिलीला, की तुम्हाला?"

मग एका रविवारी लेक म्हणाला, "आता तर फुलली असेल."

काकूंच्या कळ्या अजून हिरव्या, घट्ट मिटलेल्या. पण त्याचा आवाज इतका आनंदात होता की बाईंच्या तोंडून निघूनच गेलं.

"फुलली की. काल."

"कशी दिसते?"

"पांढरीशुभ्र."

पलीकडे तो गप्प झाला. लाइन तुटलेली नाही, माणूस थांबलाय, एवढं बाईंना ऐकूनच कळायचं.

"छान," तो म्हणाला. "जप तिला." आणि मग ऑफिसचं, खोलीचं, पाठदुखीचं, नेहमीपेक्षा जास्तच बोलला.

दोन-तीन दिवसांनी काकूंची हाक आली.

"अहो ऑपरेटरबाई, या, बघा तरी."

कठड्यापलीकडे लिली फुलली होती. केशरी, विस्तवासारखी.

"मला वाटलं पांढरी असेल," बाई हळूच म्हणाल्या.

"छे हो. पाकिटावर केवढं चित्र होतं. आईला भडक रंग आवडतात म्हणून चार दुकानं पालथी घातली, तोच सांगत होता."

बाईंना फोनवरचं त्याचं ते थांबणं आठवलं. काकूंनी काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

रविवारी फोन वाजला. बाईंनी तो बराच वेळ वाजू दिला, मग उचलला.

"काय गं," लेक म्हणाला, अगदी सांभाळून, "टिकलीत का पांढरी फुलं?"

चेष्टा नव्हती रे त्याच्या आवाजात, जराही नव्हती. तो वाट बघत होता. बाई रिसीव्हर दोन्ही हातांत धरून उभ्या. खरं सांगितलं, तर पुढच्या रविवारी तो काय विचारणार? आणि नाही सांगितलं, तर हे असंच किती दिवस?

खरं सांग, तू काय केलं असतंस?