परत एकदा पळ

तिसऱ्या आठशे मीटरचं शेवटचं वळण निलमनं घेतलं आणि मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढणारा रणजीत ओरडला, “थांब, थांब! बोट आलं मधी. त्या बाभळीपासून परत एकदा पळ.”

ती थांबली, मागं गेली आणि परत पळाली.

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरची ही दोघं भावंडं दोन महिने रोज सकाळी पाटाच्या कच्च्या रस्त्यावर हेच करत होती. हिंगोलीचे निवृत्त क्रीडाशिक्षक देविदास सर निलमला फुकट शिकवायचे. त्यांनी वहीत लिहून दिलं होतं : सहा वेळा आठशे मीटर, मधे दोन मिनिटं विश्रांती. रणजीतच्या नादात दोनाची सात मिनिटं व्हायची. कधी ऊन बराबर नसायचं, कधी वेणी सुटायची. कॅमेऱ्यासमोरचे शंभर मीटर ती जीव तोडून पळायची आणि उरलेलं अंतर कसंबसं उरकायची. व्हिडिओ मात्र झकास दिसायचे. अकरा हजार लोक बघायचे.

मग हिंगोलीला जिल्हा संघासाठी पंधराशे मीटरची निवड चाचणी झाली. तीन मुली घेणार होते. मैदानाच्या कडेला पोरांनी मोबाइल वर धरले आणि निलमनं पहिली फेरी व्हिडिओतल्यासारखी मारली. तिसऱ्या फेरीत तिचे पाय दगडाचे झाले. एकेक करून चौघी पुढं गेल्या. ती पाचवी आली.

देविदास सरांनी तिची वही मागितली, चाळली आणि परत दिली. “वहीत दोन मिनिटं लिहिलीस. खरी किती घेतलीस?”

निलमनं वही पाठीमागं लपवली.

“व्हिडिओ मीपण बघतो, बाई. तू आठशे मीटर पळतच न्हाईस. शंभर-शंभरचे तुकडे पळतीस.”

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठून गेले.

परत येताना नाक्यावरच्या धाब्यावर रणजीतनं चहा सांगितला आणि मोबाइल तिच्यापुढं धरला. “सुरुवात लई भारी आलीय. तेवढीच टाकतो.”

“टाकून बघ,” निलम म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला की भट्टीवरचा माणूस वळून बघायला लागला. “दोन महिने मला चाबी दिल्यावाणी पळवलंस. थांब म्हटलं की थांबले, हास म्हटलं की हसले. माझं पळणं तुला दिसतंच न्हाई, दादा. तुला निस्तं चित्र पाहिजे!”

“आन् पायातले बूट कुणामुळं आले? व्हिडिओ बघूनच दुकानदारानं दिले ना? काहून माझ्यावर काढून राहिली?”

बूट खरंच त्याच्यामुळं आले होते. तेच तिला जास्त झोंबलं. आणि रोज दुपारी लोकांनी लिहिलेलं वाचत खुदखुदणारी तीच होती, हेही तिला ठाऊक होतं. तिनं चहा तसाच ठेवला.

“उद्यापासून मोबाइल दगडाला टेकवून ठेवायचा. मी पळायच्या आधी चालू करायचा, सहा झाल्यावर बंद. मधी तू तोंड उघडायचं न्हाई. नटूनथटून काही पाहिजे असंल तर निस्तं हळू पळायच्या दिवशी घे.”

“असलं कोण बघंल?”

“नको बघू दे!”

दुसऱ्या दिवशी चौथ्या आठशेला मसाजी धनगराची मेंढरं रस्त्यावर उतरली आणि मोबाइलपुढं नुसता धुरळा उभा राहिला. “थांब!” रणजीत सवयीनं ओरडला. निलम कडेच्या तणातून, मेंढरांना खेटून पुढं गेली. वळणावर पोहोचली तेव्हा तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. “आजून एकदा बोललास तर मोबाइल पाटात जाईल,” ती म्हणाली आणि घड्याळात दोन मिनिटं मोजायला लागली. सहावं आठशे पहिल्यापेक्षा दोन सेकंदांनी लवकर झालं. मग ती वाकून ओकली. रणजीत तोंड फुगवून लांबच बसला होता.

तो व्हिडिओ चारशे जणांनी पाहिला. आठवडाभर रणजीत तिच्याशी धड बोलला नाही. तीही बोलली नाही, पण वहीत खरी मिनिटं लिहीत गेली आणि दर रविवारी ती सरांपुढं ठेवत गेली.

महिन्या-दीड महिन्यानं कॉलेजकडून पळताना विद्यापीठ संघाच्या निवडीत ती दुसरी आली. रणजीत धावत आला. “निले, शेवटचं टिपायचं ऱ्हायलं! एकदा त्या रेषेवरून...”

निलमनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. अंग थंड करायला तिला दोन फेऱ्या सावकाश पळायच्या होत्या. ती पळायला लागली.