द्वारपालाच्या तळहातावरचे माणिक

पुस्तकातल्या चित्रांचा अकरावा लाकडी ठसा कोरून झाला, त्यावरचा भुसा ब्रशाने झटकून झाला, आणि ठसेकार उजव्या हाताचा अंगठा कोमट पाण्यात बुडवून बसला होता, तेवढ्यात त्याची मेहुणी कागदांची चवड काखोटीला मारून कामाच्या खोलीत शिरली. तिने ना खुशाली विचारली, ना बसायला स्टूल ओढले. काहीतरी बिनसले आहे, हे त्याने ताडले.

"भावोजी, रागावणार नसाल तर सांगते."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे. सांग."

"द्वारपाल बदललाय."

घरात चिऊ या नावाने ओळखली जाणारी ही बाई अद्भुत कथा लिहीत असे. या खेपेची कादंबरी एका तटबंद नगराची होती. तटाबाहेर धुक्याचे लोक राहत. ऊन लागले की ते विरघळत, म्हणून दिवसभर दरडींच्या सावलीत दडून पहाटे वेशीपाशी येऊन उभे राहत. त्यांना आत येऊ द्यायचे नाही, हा नगराचा पहिला कायदा. तो तीस वर्षे पाळणारा म्हातारा द्वारपाल एका पहाटे अडसर काढतो, आणि कादंबरीचा सारा डोलारा या एका कृतीवर उभा राहतो. पहिल्या खर्ड्यात त्याने हे केले होते माणकासाठी. धुक्याच्या राणीने कबुतराच्या अंड्याएवढे माणिक त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्याने नगर विकले. ठसेकाराने चित्रे कोरली ती या खर्ड्यावरून.

"मग आता कशासाठी काढतो अडसर?"

"मध्ये भीतीपोटी काढायला लावला होता. त्यांनी त्याची मुलगी पळवली, असं. पण मलाच पटेना. मुलगी पळवली की लेखकाचं काम फार सोपं होतं. आता दयेपोटी काढतो. बाहेर धुक्याची पोरं उन्हात विरघळतायत, ते त्याला बघवत नाही."

"आणि माणिक?"

"माणिक नाही."

ठसेकाराने अंगठा पाण्याबाहेर काढून पंच्याने पुसला. अकरा ठशांपैकी सातांत द्वारपाल होता, चारांत माणिक. पाच महिने खपून त्याने ते कोरले होते. अंगठ्याचे पेर आता लिंबासारखे सुजलेले असे, आणि हे पुस्तक झाले की कोरणीला हात लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. सात चेहरे नव्याने कोरणे त्याच्याच्याने होणार नव्हते. प्रकाशकाचे म्हणणे तर स्वच्छ होते: चित्रे मजकुराशी जुळणारी हवीत, नाहीतर नकोतच, शनिवारी पुस्तक छापायला जाईल. द्वारपाल दयाळू ठरला, तर ठसेकाराचे शेवटचे पुस्तक चित्रांवाचून निघणार होते.

"अहो, पण कृती तीच आहे ना?" चिऊ समजुतीच्या सुरात म्हणाली. "अडसर तोच, हात तोच."

"हात तोच कसा? लोभी माणूस अडसर बोटांच्या टोकांनी काढतो, आवाज होऊ नये म्हणून. दया आलेला माणूस दोन्ही हातांनी उपसतो. लाकूड कितीही करकरलं तरी त्याला फिकीर नाही. मी बोटांची टोकं कोरलीत, बाईसाहेब. आणि तुझं सहावं प्रकरण काढ बरं. तो बिजागऱ्यांना तेल घालतो ते वाक्य अजून आहे का?"

चिऊने पाने उलटली आणि ती ओशाळली. वाक्य जागच्या जागी होते.

"बाहेर पोरं विरघळतायत आणि हा तेलाची बुधली शोधतोय! तू हेतू बदललास, हात तसेच ठेवलेस."

चहा घेऊन आलेली ठसेकाराची बायको दारातच थबकली. "तुम्ही बोलताय की भांडताय?"

"तुझी बहीण चोराला संत करतेय."

"लहानपणी खेळात हरायला लागली की नियम बदलायची. तुम्हाला आज कळतंय होय?"

"ताई, तू गप गं!"

बायको हसत कप ठेवून गेली. ठसेकाराने दोन घोट घेतले आणि शांतपणे विचारले, "लोभी होता त्यात वाईट काय होतं?"

"लोभी माणूस पहिल्या पानावरच ओळखू येतो. पुढची दोनशे पानं वाचकाने करायचं काय?"

तिचे बरोबर होते, आणि तेच त्याला जास्त झोंबले. ती चुकली असती तर तिला धारेवर धरता आले असते. चिऊची नजर मात्र त्याच्या अंगठ्यावर खिळली होती.

"तुम्ही म्हणाल तर माणिक परत घालते," ती हळूच म्हणाली. "खरंच. माझं काही अडत नाही."

"माझी कीव आली म्हणून त्याला पुन्हा चोर करणार? ते चालायचं नाही. पानं ठेव इथे आणि घरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सातही ठसे खिडकीखाली मांडले. कागदावर लिहिणाऱ्याला खोडता येते, आणि खोडलेले पुन्हा लिहिताही येते. लाकडाचे तसे नाही. कोरले तेवढे कायमचे गेले. तिथे शाई लागत नाही, छापल्यावर ती जागा पांढरी राहते. तेव्हा या द्वारपालात काही घालणे शक्य नव्हते. काढणे तेवढे शक्य होते. चिडून म्हणा, हट्टाने म्हणा, त्याने सहाव्या प्रकरणाचा ठसा पुढे ओढला, दुखरा अंगठा मुडपून कोरणी मुठीत धरली, आणि तळहातावरचे माणिक पैलू पैलू करून काढून टाकले. मग रुळाने शाई लावून एक छाप घेतली.

ती त्याने कितीतरी वेळ न्याहाळली. मग चिऊला फोन लावून म्हणाला, "हातातलं टाक आणि ये."

चिऊ आली, छाप उजेडात धरून उभी राहिली. दार बोटभर उघडलेले, फटीतून धुके आत सरकलेले, आणि त्यात द्वारपालाचा पसरलेला रिकामा हात.

"हा काय मागतोय?"

"नीट बघ. मागणाऱ्याची मान झुकते. याची पुढे आलीय."

"डोळे बारीक केलेत."

"ते मी लबाडीचे म्हणून कोरले होते. पण धुक्यात बघणारा माणूसही डोळे असेच बारीक करतो."

चिऊ खाली बसली. "तीस वर्षं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ज्यांच्यासाठी दार बंद ठेवलं, ते आहेत कसे, हे त्याने एकदाही पाहिलेलं नाही. त्याला फक्त बघायचंय. हात लावून बघायचंय. भावोजी, म्हणून तर तो तेल घालतो! आवाज झाला तर ते पळतील."

"मला काय विचारतेस? मी फक्त माणिक काढलं."

तिने बाकीचे ठसे एकेक करून हातात घेतले. लबाड वाटणारा प्रत्येक चेहरा आता कुतूहलाचा वाटू लागला होता. शेवटच्या ठशापाशी मात्र ती थांबली. त्यात द्वारपाल मूठ छातीशी घट्ट आवळून, नगराकडे पाठ करून पळत होता.

"हा पळणार नाही," ती चाचरत म्हणाली. "ज्याला बघायचं होतं, तो थांबेल. नगर बुडालं तरी तिथेच थांबेल."

"मला दिसतंय ते."

तीन आठवडे एकट्या या ठशात गेले होते, आणि अकरांत तोच सर्वांत छान उतरलेला होता. वाऱ्याने फुगलेला अंगरखा केसाएवढ्या रेघांनी कोरलेला होता. ठसेकाराने त्यावरून एकदा बोट फिरवले आणि तो पालथा घातला.

"दहा छापू."

"मी याची एक छाप घरी लावू?"

"नको. हे चित्र आता खोटं आहे."

त्याने माणकाचे उरलेले तीन ठसे पुढ्यात घेतले, पण कोरणी उचलली नाही. टेबलाच्या कडेला थोडी जागा मोकळी केली, पेन्सिल चिऊकडे सरकवली आणि म्हणाला, "आधी सहावं प्रकरण इथे बसून लिही, मग शेवटचं. मला वाचून दाखव. पुन्हा काही बदलणार नाहीस अशी तुझी खात्री झाली, म्हणजे मी माणिक काढतो."

चिऊने कागद ओढला. तासाभराने पहिले पान वाचून झाले, तेव्हा त्याने दोन वाक्यांवर वाद घातला.