पडीक म्हणे!

धडधडीत खोटं लिहिलंय तुम्ही, मायबाप सरकार! दादरच्या कोळीवाड्यापुढची वाळू नकाशात 'पडीक' म्हणून रंगवलीत आणि आठ दिवसांत ती सोडायची नोटीस धाडलीत.

नोटीस घेऊन कारकून आला तो कार्तिकात. कोळीण गुणवंती वाळूत रोवलेल्या बांबूंच्या दोरांवर बोंबील टांगत होती. ही वाळू गेली तर बोंबील वाळवायचे कुठं, आणि पावसाळ्यात खायचं काय? पण तिचं तोंड शाबूत होतं.

"बाई, नकाशात इथं काहीच नाही," कारकून म्हणाला.

"मंग तुज्या पागोट्यावर काय ठिबकतंय, गुलाबपानी?"

त्यानं पागोटं चाचपलं, बोटं हुंगली आणि नाक मुरडलं.

"मोजनी कंदी केली रं?"

"आषाढात."

गुणवंतीला हसू आवरेना. आषाढात दर्या खवळलेला, होड्या माडाच्या झापांखाली, बांबू उपटून घरात ठेवलेले. नारळी पुनवेपर्यंत तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

"आयतवारी तुजी कचेरी बंद असते ना? मंग तीबी पडीकच! येत्या आयतवारी तितं बोंबील टांगू का? जा, इचार तुज्या साहेबाला, आनि जबाब घेऊनच ये!"